आप्पांचा प्रश्न: अल्सरचं ऑपरेशन आलं कुठून आणि गेलं कुठे?



आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या पोटावर छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत एक उभा व्रण होता. उन्हाळ्यात ते ओसरीवर उघडे बसले की आम्ही नातवंडं त्यावरून बोट फिरवायचो. "अल्सरचं ऑपरेशन" एवढंच उत्तर मिळायचं. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम यायचा, छातीत धडधडायचं आणि मग ते अर्धा तास आडवे व्हायचे. सणाला श्रीखंड असलं की आजी त्यांच्या ताटात चमचाभरच वाढायची.

मागच्या वर्षी घराची डागडुजी करताना जुन्या ट्रंकेत त्यांचं १९७२ सालचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. ऑपरेशनच्या रकान्यात फक्त एवढंच लिहिलं होतं: "टीव्ही + जीजे". माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पांना ऑपरेशनसोबत टीव्ही फुकट मिळाला होता की काय?" टीव्ही म्हणजे ट्रंकल व्हेगॉटॉमी आणि जीजे म्हणजे गॅस्ट्रोजेजुनॉस्टॉमी. या दोन शब्दांत जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९९९ मध्ये आप्पांचं पोट पुन्हा दुखायला लागलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, जोडकामाच्या जागी नवीन अल्सर दिसला आणि डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्यांचं एक किट दिलं. त्यात दोन अँटिबायोटिक्स होती. आप्पा बरे झाले. तपासणीला परत गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "चौदा दिवसांच्या गोळ्यांनी जाणारं दुखणं होतं, तर माझं पोट कशाला फाडलं?" डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तेव्हा तेच होतं."

हे उत्तर बरोबर आहे का? आज मला हे तपासून बघायचं आहे. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते. त्यामुळे कुणाचं पोट दुखत असेल तर हा लेख वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. पण पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहिणाऱ्या तुमच्यासाठी या इतिहासात बरंच काही आहे. एखादा उपचार लागू पडतो म्हणजे आजाराचं कारण सापडलं असं नसतं, हे मला याच विषयाने शिकवलं.

आधी थोडं पोटाबद्दल

जठराच्या भिंतीतल्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. पोटातलं आम्ल हेच आहे, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये मांडलं. हे आम्ल स्वतःच्याच भिंतीला खाऊ नये म्हणून आत चिकट थराचं संरक्षण असतं. हे संरक्षण कुठे तुटलं की तिथे खड्डा पडतो, तोच पेप्टिक अल्सर. तो जठरात होतो किंवा जठराच्या पुढे लागून असलेल्या ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होतो.

खड्डा खोल गेला की तीन संकटं येतात. भिंतीला आरपार भोक पडतं, रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो, किंवा जुन्या जखमा आकसून अन्नाची वाट बंद होते. ही तीन संकटं लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहेत.

आम्ल बनवण्याचे हुकूम प्रामुख्याने दोन मार्गांनी येतात. मेंदूकडून व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून, आणि जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन नावाच्या हार्मोनमधून. व्हेगसची भूमिका रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवली. आपण त्यांना घंटा आणि लाळ यांच्यासाठी ओळखतो, पण १९०४ चं नोबेल त्यांना पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं होतं.

पहिला टप्पा: कापता येतं, हे कळलं

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी एका बाईच्या जठराचा खालचा भाग काढून उरलेलं जठर ड्युओडेनमला जोडलं. आजार अल्सर नव्हता, कॅन्सर होता. त्याआधी पॅरिसच्या पेआन यांनी १८७९ मध्ये आणि पोलिश सर्जन लुडविक रिडिगिएर यांनी १८८० मध्ये हाच प्रयत्न केला होता. दोन्ही रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथ यांची रुग्ण ऑपरेशनमधून वाचली, पण सुमारे चार महिन्यांनी मूळ कॅन्सरनेच गेली. तरी जठर कापून माणूस जगू शकतो, हे सिद्ध झालं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रिडिगिएर यांनी अल्सरसाठी जठराचा भाग काढला आणि तो रुग्ण वाचला.

१८८१ च्याच सप्टेंबरात बिलरोथ यांचे सहायक व्योल्फलर यांनी आणखी एक वाट काढली. जठराचं तोंड बंद झालं असेल तर काहीही न काढता जठराला थेट पुढच्या आतड्याशी जोडायचं. हेच आपलं जीजे. रस्ता बंद असला की बाजूने वळणरस्ता काढतात, तसं.

१८९२ मध्ये जर्मनीत हॉयस्नर यांनी अल्सरने भोक पडलेलं जठर शिवून रुग्ण वाचवला. तोवर अशी भोकं म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूच.

पुढच्या काही दशकांत जीजे अल्सरसाठी सर्रास होऊ लागलं. काढायचं काही नाही, धोका कमी, रुग्णाला लगेच बरं वाटायचं. पण काही महिन्यांनी-वर्षांनी बरेचसे रुग्ण परत येऊ लागले. जोडकामाच्या जागी नवीन अल्सर! ड्युओडेनमला आम्लाची थोडीफार सवय असते, पुढच्या आतड्याला नसते. वळणरस्त्याने आम्ल थेट त्याच्यावर ओतलं जात होतं.

याच सुमारास, १९१० मध्ये, झाग्रेबच्या कार्ल श्वार्त्झ यांनी एक नियम मांडला: आम्ल नाही तर अल्सर नाही. पुढची सत्तर वर्षं हे वाक्य या विषयाचं ब्रीदवाक्य झालं. गंमत म्हणजे ते चूकही नाही. आम्ल नसलेल्या जठरात असा अल्सर सहसा होत नाहीच. पण "आम्ल लागतं" आणि "आम्लामुळेच होतो" ही दोन वेगळी विधानं आहेत. काडी पेटायला ऑक्सिजन लागतो, म्हणून आग ऑक्सिजनने लावली असं आपण म्हणत नाही. पोटात आम्ल सगळ्यांच्याच असतं. मग खड्डा काहींनाच का पडतो, हा प्रश्न बाजूला राहिला.

मग सर्जन मंडळींनी ठरवलं, आम्ल बनवणारा कारखानाच लहान करू. जठराचा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग काढायला सुरुवात झाली. अल्सर परत येण्याचं प्रमाण खूप कमी झालं. पण आता माणसं थोडंसंच जेवू शकायची, वजन घटायचं, लोह आणि बी-१२ कमी पडून रक्त कमी व्हायचं. अन्न भसकन आतड्यात उतरल्याने घाम, धडधड, चक्कर यायची. याला डंपिंग म्हणतात. आप्पांची जेवणानंतरची आडवं व्हायची वेळ म्हणजे हेच होतं. घरात कुणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं.

दुसरीकडे फिजिशियन मंडळींचे उपचार काय होते? १९१५ पासून शिकागोच्या सिप्पी यांचा आहार प्रसिद्ध होता: तासातासाला दूध आणि साय, मध्ये अल्कलीच्या पुड्या. त्यात भर म्हणून 'चिंता करू नका' हा सल्ला. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत अजूनही "हरी, वरी, करी" असं यमक ऐकायला मिळतं. घाई, काळजी आणि तिखट रस्सा ही अल्सरची कारणं! आप्पांनी ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं तिखट सोडलं होतं. दुखणं सुटलं नाही.

दुसरा टप्पा: हुकूम आणणारी तारच कापा

आता आपण "टीव्ही"पर्यंत पोचलो. शिकागो विद्यापीठाचे लेस्टर ड्रॅगस्टेड हे आधी शरीरक्रियाशास्त्रज्ञ, मग सर्जन. त्यांनी मोजमापं घेतली. ड्युओडेनल अल्सरच्या रुग्णांमध्ये रात्री, उपाशी पोटीही आम्लाचा स्राव निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त होता. जेवण नसताना हुकूम देतंय कोण? व्हेगस. जानेवारी १९४३ मध्ये त्यांनी एका रुग्णाच्या व्हेगसच्या दोन्ही मुख्य फांद्या कापल्या. जठर जागेवरच, फक्त तार तोडली. अल्सर भरून आला.

विचार किती सुंदर आहे बघा! पाव्हलॉव्ह यांचं मूलभूत संशोधन, त्यावरून गृहीतक, मग मोजमाप आणि मग उपचार. आपल्या मेथडॉलॉजीच्या पेपरात आदर्श उदाहरण म्हणून लिहावं असं. पण व्हेगस फक्त आम्लाचे हुकूम देत नाही, जठराची हालचालही तोच चालवतो. तार कापल्यावर काही रुग्णांचं जठर सुस्त पडलं, अन्न आतच साचून राहू लागलं. मग वाट मोकळी करायला सोबत आणखी एक जोडकाम करावं लागलं. म्हणून "टीव्ही + जीजे". आप्पांच्या कार्डावरचा तो अधिक चिन्ह म्हणजे एका उपायाच्या दुष्परिणामावरचा दुसरा उपाय होता.

यावरही सुधारणा झाली. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लीड्सचे जॉन्स्टन आणि कोपनहेगनचे आमड्रुप यांनी फक्त आम्ल बनवणाऱ्या भागाकडे जाणाऱ्या बारीक फांद्या निवडून कापल्या आणि हालचालीच्या फांद्या राखल्या. त्यामुळे वेगळं जोडकाम लागेना, डंपिंगही कमी झालं. पण अल्सर परत येण्याचं प्रमाण जठर कापण्यापेक्षा जास्त राहिलं. जितकं कमी कापाल तितका त्रास कमी आणि अल्सर परत येण्याची शक्यता जास्त. शंभर वर्षांत हा तराजू कुणालाच सरळ करता आला नाही. एखाद्या क्षेत्रात असा न सुटणारा तराजू दिसला तर मूळ प्रश्नच अपुरा असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.

तिसरा टप्पा: मोजायला शिकलो

इतकी ऑपरेशनं, मग त्यातलं चांगलं कोणतं? प्रत्येक मोठा सर्जन आपापल्या रुग्णांची यादी देऊन आपलंच चांगलं म्हणायचा. लीड्सचे गोलायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लीड्स आणि यॉर्क इथे रुग्णांना चिठ्ठीच्या पद्धतीने तीन ऑपरेशनांत विभागलं आणि पाच ते आठ वर्षं त्यांचा पाठपुरावा करून १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. मोठमोठे वाद ज्यावर झाले, त्या ऑपरेशनांच्या एकूण निकालात फरक अपेक्षेपेक्षा थोडाच निघाला. "रुग्ण बरा" म्हणजे काय हे ठरवण्यासाठी विसिक यांची चार पायऱ्यांची श्रेणी १९४८ पासून होती. यात अल्सर गेला का एवढंच नाही, तर माणूस कसा जगतोय हेही मोजलं जायचं.

याच काळातली एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे ओवेन वांगेनस्टीन हे नामांकित सर्जन. त्यांना वाटलं, जठर कापण्याऐवजी गोठवलं तर? नळीने पोटात फुगा उतरवायचा, त्यात शून्याखालच्या तापमानाचा द्रव तासभर खेळवायचा, म्हणजे आम्ल बनवणाऱ्या पेशी गारठून निकामी होतील. १९६२ मध्ये त्यांनी उत्साहवर्धक निकाल छापले. कापाकापी नाही, टाके नाहीत. हजारो रुग्णांवर हा प्रयोग झाला, यंत्रं धडाधड विकली गेली.

मग रफिन आणि सहकाऱ्यांनी १६० रुग्णांवर चाचणी घेतली. काहींचं जठर खरोखर गोठवलं, काहींना नळी-फुगा सगळं तसंच, फक्त गारठा नाही. रुग्णाला आणि तपासणाऱ्याला कुणाला काय मिळालं ते माहीत नव्हतं. निकाल १९६९ मध्ये आला. गोठवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना बरं वाटलं, नुसता फुगा गिळलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना! उपचार संपला. अल्सरचं दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं. रुग्ण दवाखान्यात येतो तो दुखणं शिखरावर असताना, आणि तिथून ते काही केलं नाही तरी उतरतं. म्हणून कंट्रोल ग्रुप लागतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "नियंत्रित गट" हा शब्द फक्त फॉरमॅट पूर्ण करायला लिहिला असेल, तर ही गोष्ट पुन्हा वाचा.

चौथा टप्पा: गोळी आली आणि ऑपरेशन थिएटर रिकामं झालं?

जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की हिस्टामीनचे एक वेगळ्या प्रकारचे रिसेप्टर जठरात आहेत आणि ते अडवले की आम्ल कमी होतं. त्यातून सिमेटिडीन हे औषध १९७६ मध्ये ब्रिटनच्या बाजारात आलं. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. त्याच सुमारास ओमेप्राझोल आलं, जे आम्ल बनवणाऱ्या पंपालाच बंद करतं. जे काम सर्जन सुरीने करत होते, ते गोळी करू लागली.

इथे जरा थांबू. बरीच पुस्तकं लिहितात की सिमेटिडीनमुळे अल्सरची ऑपरेशनं संपली. पण अमेरिका आणि ब्रिटनमधले आकडे काळजीपूर्वक पाहिले तर ठरवून केलेल्या ऑपरेशनांची संख्या सिमेटिडीन येण्याच्या आधीपासूनच उतरत होती. गोळीने उतार आणखी तीव्र केला, पण उताराची सुरुवात तिने केली नाही.

मग कुणी केली? १९६२ मध्ये मर्विन ससर आणि झीना स्टाइन यांनी एक वेगळंच निरीक्षण मांडलं होतं. अल्सरने होणारे मृत्यू रुग्णाच्या जन्माच्या सालाप्रमाणे मांडले, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या पिढ्यांत ते शिखरावर होते आणि पुढच्या पिढ्यांत उतरत गेले. म्हणजे लहानपणी काहीतरी घडत होतं, ज्याचं फळ चाळीस-पन्नास वर्षांनी दिसत होतं. ते काय, हे १९६२ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. हेलिकोबॅक्टरचा संसर्ग बहुधा बालपणातच होतो आणि राहणीमान सुधारलं की कमी होतो, हे आज माहीत असल्यामुळे तो आलेख आता वेगळा वाचता येतो.

आणखी एक गोष्ट. गोळी बंद केली की बऱ्याच रुग्णांत वर्षभरात अल्सर परत यायचा. म्हणजे गोळीही सुरीचंच काम करत होती, फक्त सौम्यपणे. मूळ गृहीतक तेच: आम्ल.

पाचवा टप्पा: कापलेल्या जठरातले जिवाणू

माझ्या विषयाचा भाग आता येतो. १९४० मध्ये अमेरिकेत फ्रीडबर्ग आणि बॅरन यांनी ऑपरेशनमध्ये कापून काढलेल्या ३५ जठरांचे तुकडे चांदीच्या रंगाने रंगवून पाहिले. एक-तृतीयांशाहून जास्त तुकड्यांत नागमोडी जिवाणू दिसले. आप्पांच्या ऑपरेशनच्या ३२ वर्षं आधीची ही गोष्ट! पण ते जिवाणू रोगाचं कारण की दुखऱ्या जागी नंतर शिरलेले पाहुणे, हे त्यावरून ठरत नव्हतं. १९५४ मध्ये पामर यांनी हजाराहून जास्त तुकडे तपासले आणि असे जिवाणू नाहीतच असं सांगितलं. त्यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जिवाणू सहज नजरेत भरत नाहीत. नमुन्यांची संख्या प्रचंड, पण पद्धत चुकीची. सॅम्पल साइज मोठा केला की सगळं ठीक होतं असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. विषय मागे पडला. आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, हे तर सगळ्यांना "माहीत" होतंच.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना दुर्बिणीतून घेतलेल्या जठराच्या तुकड्यांत हेच जिवाणू दिसले. त्यांनीही चांदीचा रंग वापरला. १९८१ मध्ये तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत आले. जिवाणू वाढवायचे तीसहून जास्त प्रयत्न फसले, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेटा टाकून दिल्या जायच्या. एप्रिल १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेटा पाच दिवस तशाच राहिल्या आणि वसाहती उगवल्या. १९८४ च्या त्यांच्या पेपरात १०० रुग्ण होते. त्यातल्या ड्युओडेनल अल्सरच्या १३ पैकी १३ जणांत हा जिवाणू सापडला.

मार्शल यांनी जिवाणूंचं द्रावण स्वतः प्यायलं, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. पण तो सांगताना "त्यांना अल्सर झाला" असं म्हणतात, ते चूक आहे. त्यांना जठराची सूज, म्हणजे गॅस्ट्रायटिस झाली. अल्सरबद्दलचा खरा पुरावा नंतरच्या चाचण्यांतून आला: जिवाणू मारला की अल्सर परत यायचं प्रमाण धाडकन खाली येतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचच्या तज्ज्ञ समितीने जिवाणू असलेल्या अल्सर-रुग्णांना अँटिबायोटिक्स द्या असं सांगितलं. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

आम्लाचा सिद्धांत यामुळे खोटा ठरला का? नाही. तो अपुरा होता. आणि जिवाणूही पूर्ण उत्तर नाही. हा जिवाणू पोटात बाळगणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात अल्सर होत नाही. भारतात तर हा संसर्ग खूपच पसरलेला आहे. दुसरीकडे ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जिवाणूशिवायही अल्सर होतो. "काहींनाच का?" हा १९१० मध्ये बाजूला राहिलेला प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. विषय शोधताय ना? हा घ्या एक.

मग आज सर्जन काय करतो?

सुरुवातीची तीन संकटं आठवा. भोक, रक्तस्राव, अडथळा. सर्जन आता तिथे उभा आहे, आणि तिथेही त्याचं काम आक्रसलं आहे. रक्तस्राव बहुतेक वेळा दुर्बिणीतूनच थांबवतात. पुन्हा रक्त सुरू झालं तर तरी ऑपरेशन करावं का? १९९९ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा ९२ रुग्णांची विभागणी केली. दुसऱ्यांदा दुर्बिणीचा उपचार मिळालेल्या ४८ पैकी ३५ जणांचा रक्तस्राव ऑपरेशनशिवाय आटोक्यात राहिला आणि गुंतागुंतही कमी झाली.

भोक पडलं तर मात्र आजही ऑपरेशन लागतं. पण कोणतं? पूर्वी भोक बुजवतानाच व्हेगसही कापत किंवा जठर काढत, म्हणजे अल्सर परत यायला नको. २००० मध्ये हाँगकाँगमधूनच आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. भोक नुसतं बुजवलं आणि नंतर जिवाणूवर औषध दिलं, तर वर्षभराने अल्सर दिसण्याचं प्रमाण ४.८ टक्के होतं. जिवाणूवरचं औषध न दिलेल्यांत ते ३८.१ टक्के होतं. शंभर वर्षं जी सुरी आजार मुळासकट काढायला बघत होती, ती आता फक्त जीव वाचवते आणि बाजूला होते. अन्नाच्या वाटेतल्या अडथळ्यासाठीही आधी फुग्याने वाट रुंद करून बघतात.

यात एक तोटाही आहे. आज शिकणाऱ्या सर्जनांना व्हेगॉटॉमी प्रत्यक्ष पाहायला क्वचितच मिळते. क्वचित जेव्हा मोठं ऑपरेशन लागतं, तेव्हा रुग्ण बहुतेकदा वयस्कर, खूप आजारी आणि रात्री-अपरात्री आलेला असतो.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर

"तेव्हा तेच होतं." मला हे उत्तर निम्मं बरोबर वाटतं. १९७२ मध्ये आप्पांच्या सर्जनने जे केलं ते त्या वेळच्या उत्तम पुराव्यावर उभं होतं. त्या ऑपरेशनने त्यांना २७ वर्षं दिली. त्यात त्यांनी शेती केली, माझ्या आईचं आणि दोन मावश्यांचं लग्न केलं. त्या सर्जनला आज मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि चुकीचं आहे.

निम्मं चूक अशासाठी, की जिवाणू तेव्हाही होते आणि ते एकदा दिसलेही होते. दरवर्षी हजारो जठरं कापली जात होती. ऑपरेशन लागू पडत होतं, म्हणून कापलेल्या तुकड्यात आणखी काय आहे हे बघायची फारशी निकड कुणाला वाटली नाही. अर्थात निकड असूनही भागलं नसतं. लवचीक दुर्बिणीने ताजे तुकडे मिळू लागले, हळू वाढणारे नागमोडी जिवाणू वाढवायच्या पद्धती १९७० च्या दशकात प्रयोगशाळांत रुळल्या, तेव्हा कुठे वॉरन-मार्शल यांना वाट मिळाली.

म्हणून आता एक काम. तुमचा सिनॉप्सिस काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी दोन ओळींत लिहा. एक, माझ्या विषयातलं "आम्ल" कोणतं, म्हणजे असं कोणतं विधान जे खरं आहे पण अपुरं आहे? दोन, "असं काही नसतंच" म्हणणारा जो पेपर मी उद्धृत करतोय किंवा करतेय, त्याची पद्धत ती गोष्ट दाखवू शकत होती का? तीन, माझ्या प्रयोगात मी दोन दिवसांनी कोणती प्लेट फेकून देते? तिसऱ्या प्रश्नावर मी स्वतः अडकले होते. उत्तर शोधायला फ्रीझर उघडला तर मागच्या वर्षीचे टाकायला काढलेले नमुने मिळाले. आता त्यांच्यावरच काम चालू आहे, काही निघालं तर सांगेन.

आप्पा २०११ मध्ये गेले. शेवटची बारा वर्षं त्यांचं पोट दुखलं नाही. जेवल्यावर आडवं व्हायची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली, कारण जिवाणू गेला तरी १९७२ चं जोडकाम तसंच होतं.